ऑकलंडमध्ये माओरी भाषेतला शीर्षकपान नसलेला जुना 'नवा करार' (बायबलचा दुसरा भाग) मिळाला आहे. नव्याने बांधून घेऊ का? आणि असा संग्रह कसा सुरू करावा?

बांधून घेऊ नका. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच पुरे.

तुम्ही लिहिलंय की चामड्याची पाठ सुटली आहे, शेवटच्या कोऱ्या पानांवर 'कुणीतरी शाईने गिचमिड केली आहे', आणि ओळखीचा बाइंडर पानं धुऊन, कडा छाटून, नवं चामडं चढवून द्यायला तयार आहे. त्या 'गिचमिड' शब्दावरून माझं डोकं फिरलं, म्हणून हे उत्तर.

आधी पुस्तक कुठलं ते ठरवा. माओरीतलं पहिलं छापील पुस्तक मिशनरी थॉमस केंडलचं, 1815 साली सिडनीत छापलेलं. त्याची एकच प्रत माहीत आहे आणि ती ऑकलंडच्या संग्रहालयात आहे, तेव्हा त्याचा नाद सोडा. नवा करार पूर्ण छापला मिशनचा छपाईवाला विल्यम कोलेन्सोने, न्यूझीलंडच्या उत्तरेकडच्या पाइहिया गावात, 1837च्या डिसेंबरात. प्रती 5,000, पृष्ठं 356. त्यानंतर 1840च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने लंडनहून वीस-वीस हजारांच्या आवृत्त्या काढल्या. बाजारात येणाऱ्या, शीर्षकपान हरवलेल्या प्रती बहुतेक या लंडनच्या असतात, आणि विकणारा हमखास त्यांना 'पाइहियाची असावी' म्हणतो.

माओरी रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे स्पेलिंगवरून थोडं कळतं. जुन्या छपाईत 'डब्ल्यू-एच' नाही, नुसता 'डब्ल्यू' आहे. 1837च्या शीर्षकातच 'वाकाओरा' आहे, 'व्हाकाओरा' नाही. वाइटांगीचा करार, म्हणजे ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी सरदारांमधला तह, 1840मध्ये छापला, त्याच्या मजकुरातही तेच. म्हणजे 'डब्ल्यू-एच' सर्रास दिसला तर प्रत नंतरची. नुसता 'डब्ल्यू' असला तरी पाइहिया की लंडन हे त्यावरून ठरत नाही, इथेच लोक घाई करतात. प्रकटीकरण हे शेवटचं पुस्तक कितव्या पृष्ठावर संपतं ते बघून वरच्या 356शी ताडा. मग पुस्तक घेऊन ऑकलंड लायब्ररीच्या वारसा संग्रहात (पूर्वीचा सर जॉर्ज ग्रे संग्रह) जा, पूर्ण प्रत मागवा आणि दोन्हींचं एकच पान शेजारी ठेवून ओळी कुठे तुटतात ते ताडा. सलग पाच पानांच्या ओळी जुळल्या तर खिळ्यांची (धातूच्या अक्षरांची) जुळणी तीच, म्हणजे आवृत्ती तीच.

छपाई ओबडधोबड दिसली तर खोटी समजू नका. कोलेन्सो 1834च्या अखेरीस छापखाना घेऊन आला, तेव्हा खिळे ठेवायच्या केसी, जुळवलेल्या ओळींच्या गॅल्या, ओळींमध्ये घालायच्या लेडपट्ट्या, जुळणीचा दगड, इतकंच काय छपाईचा कागदही त्याला पाठवणाऱ्या चर्च मिशनरी सोसायटीने दिला नव्हता. फेब्रुवारी 1835मध्ये त्याने पौलाची दोन पत्रं छापली, तीही लिहायच्या कागदावर. पहिल्या 25 प्रतींना वेष्टन होतं मिशनरींच्या बायकांनी दिलेल्या गुलाबी टीपकागदाचं. असं वेष्टन कुणी 'नीटनेटकं' करायला काढून फेकलं की त्या पुस्तकाची निम्मी ओळख गेली.

आता गिचमिड. मिशनची पुस्तकं माओरी घरांत पिढ्यानपिढ्या राहिली, आणि कोऱ्या पानांवर लोकांनी जन्म-मृत्यू, नावं, वंशावळी लिहून ठेवल्या. पुष्कळदा हाच त्या कुटुंबाचा लेखी पुरावा असतो. स्वच्छ प्रतीच्या मागे लागणारे संग्राहक याला डाग म्हणतात. माझं त्यांच्याशी फार जुनं भांडण आहे आणि मी मागे हटणार नाही. कोरी करकरीत प्रत म्हणजे जी कुणी वाचली नाही ती. हाताळलेल्या, नाव घातलेल्या प्रतीला मी दुप्पट किंमत देईन.

बाइंडर जे करणार आहे त्याचे परिणाम ऐका. त्या काळची शाई बहुधा लोहयुक्त. पान धुतलं की त्यातलं विरघळणारं लोह पाण्याबरोबर आजूबाजूच्या कागदात पसरतं, अक्षराभोवती तपकिरी वलय येतं आणि पुढे कागद तिथेच ठिसूळ होऊन तुटतो. कडा छाटल्या की समासातला मजकूर गेला. नवी शिवण घातली की जुन्या शिवणीची भोकं फाटतात आणि मूळ बांधणी मिशनची होती का, हे सांगणारी खूणच उरत नाही.

करायचं एवढंच: सुटलेल्या पाठीसकट पुस्तक सुती फितीने बांधा, गाठ कडेला, पानांच्या बाजूला. आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या मापाच्या खोक्यात आडवं ठेवा. सेलोटेप नको, फेव्हिकॉल नको. नोंद करायची तर मऊ पेन्सिलने, तीही वेगळ्या कागदावर. ऑकलंडची हवा दमट, म्हणून सापेक्ष आर्द्रता 45 ते 55 टक्के ठेवा. 65च्या वर बुरशी धरते. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवू नका. कसर दिसली तर पुस्तक प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे 20 अंशांवर दोन आठवडे ठेवा. काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर कागदावर पाणी धरतं. याने किडे मरतात, बुरशी मरत नाही.

अशा संग्रहात जुनी माओरी वर्तमानपत्रंही येतात, त्यांचं थोडक्यात. पहिलं 'ते कारेरे ओ नुई तिरेनी', 1842, सरकारी. नंतरचं 'ते कारेरे माओरी' आपल्या 'दर्पण'सारखं दोन स्तंभांत, एकीकडे इंग्रजी. खरी चुरस 'ते होकिओई'साठी: माओरी राजाच्या बाजूचं पत्र, 1862-63, ऑस्ट्रियाच्या सम्राटाने दिलेल्या छापयंत्रावर छापलेलं. त्याला उत्तर म्हणून सरकारतर्फे जॉन गोर्स्टने काढलेल्या 'ते पिहोइहोई मोकेमोके'चे जेमतेम पाच अंक निघाले आणि मार्च 1863मध्ये माओरी सरदार रेवी मानियापोतोच्या माणसांनी छापखानाच उचलून नेला. असं काही 'स्वस्तात' दिसलं तर आधी भिंग काढा. खिळ्यांची छपाई कागदात रुतते, मागून बोट फिरवलं की कळते. फोटोलिथो, म्हणजे फोटोवरून केलेली छपाई, सपाट असते. वाइटांगी कराराच्या 1877च्या सरकारी प्रतिकृती अशाच फोटोलिथोच्या, त्या अस्सल समजू नका. बांधलेला खंड फोडून सुटे अंक विकणाऱ्याकडून काही घेऊ नका. घेण्याआधी अंकाची पानं 'पेपर्स पास्ट' या जुन्या वर्तमानपत्रांच्या न्यूझीलंडच्या संकेतस्थळावर मोजा, पुरवणी नेमकी गायब असते.

किमतीचं म्हणाल तर लिलावात प्रत्यक्ष आलेले भाव बघा, दुकानदाराने लावलेले नाहीत. विक्रेत्याच्या यादीत माओरी छापील पुस्तकांच्या विल्यम्सच्या 1924च्या सूचीचा किंवा पार्किन्सन-ग्रिफिथ यांच्या 2004च्या सूचीचा क्रमांक नसेल तर विक्रेत्याने काम केलेलं नाही असं समजून घासाघीस करा. सुरुवात 1840च्या दशकातल्या लंडनच्या छपाईपासून करा, पाइहियापासून नाही.

दोन गोष्टी राहिल्या. चामड्याची लाल भुकटी होऊन पानांवर पडत असेल किंवा शिवण पूर्ण सुटून पानं निसटत असतील, तर दुरुस्ती करावीच लागेल. पण ती कागद-संवर्धकाकडून, बाइंडरकडून नाही, आणि आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून. तसंच त्या शेवटच्या पानांचे फोटो इथे टाकू नका. आडनाव आणि गाव वाचता येत असेल तर आधी त्या भागातल्या इवीच्या (माओरी जमातीच्या) कार्यालयाला कळवा. ती वंशावळ त्यांची आहे, तुम्ही पैसे मोजलेत ते पुस्तकाचे. आणि पुढेमागे भारतात परतायचा विचार असेल, तर न्यूझीलंडच्या 1975च्या प्रोटेक्टेड ऑब्जेक्ट्स कायद्याखाली पन्नास वर्षांहून जुन्या छापील साहित्यालाही देशाबाहेर न्यायला परवानगी लागू शकते. संस्कृती आणि वारसा मंत्रालयाला तिकीट काढण्याआधी लिहा.