परमिट रूमबाहेरची मारामारी आणि परवान्याची तक्रार: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. कोपऱ्यावरच्या परमिट रूममधून बाहेर पडणाऱ्या पोरांची शनिवार-रविवारी हाणामारी ठरलेली. बाटल्या फुटतात, एकदा कोयताही निघाला. पोलीस येतात, चौघांना घेऊन जातात, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. शंभर सह्यांचं निवेदन दिलं, पण काहीच हाललं नाही. अशा बारचा परवाना रद्द होऊ शकतो का?

होऊ शकतो. पण निवेदन कुठे अडलं ते आधी समजून घ्या. पोलिसांनी चौघांना नेलं, ती माणसांवरची कारवाई झाली. परवान्याची फाइल वेगळ्या टेबलावर असते. ती राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षकांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. तिथे बारवाल्याचं एकच उत्तर असतं : "भांडण रस्त्यावर झालं, आमच्या बारचा काय संबंध?" बहुतेक तक्रारी या एका वाक्यापुढे टिकत नाहीत. म्हणून तुमची सगळी मेहनत भांडण आणि बार यांचा संबंध कागदावर आणण्यासाठी लागली पाहिजे.

कायदा तुमच्या बाजूने पुरेसा आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मधली तीन कलमं लक्षात ठेवा. कलम ५४ : परवान्याच्या अटी मोडल्या तर परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. अट मालकानेच मोडली पाहिजे असं नाही. त्याच्या नोकराने किंवा त्याच्या उघड वा मूक संमतीने त्याच्यासाठी काम करणाऱ्याने मोडली तरी चालते. कलम ५६ : ५४ मध्ये न बसणाऱ्या कारणासाठी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन, किंवा कारणं लिहून ठेवून तत्काळ, परवाना रद्द करता येतो. कलम १४२ : सार्वजनिक शांततेसाठी जिल्हाधिकारी लेखी आदेशाने दारूविक्रीची जागा ठरावीक वेळी किंवा ठरावीक काळासाठी बंद ठेवायला लावू शकतात. गणपती विसर्जनाला बार बंद ठेवण्याचे आदेश निघतात, ते याच कलमाखाली. दंगल होण्याच्या बेतात असेल किंवा सुरूच झाली असेल, तर हजर असलेला दंडाधिकारी किंवा पोलीस अधिकारीही तिथल्या तिथे बार बंद करायला सांगू शकतो. दोघांपैकी कोणी हजर नसेल, म्हणजे दंडाधिकारीही नाही आणि पोलीसही नाही, तर परवानाधारकाने स्वतःहून बंद करायचा असतो. ही शेवटची तरतूद तक्रारीत जरूर लिहा, कारण मारामारी चालू असताना आत विक्री चालू होती का, हा प्रश्न तिच्यामुळे थेट मालकावर येतो.

आता नोंदवही. साधी दोनशे पानी वही घ्या आणि दोन-तीन घरांनी मिळून ती भरा. "काल रात्री फार दंगा झाला" ही नोंद निरुपयोगी. नोंद अशी हवी : "शनिवार, रात्री ११.५०. बारच्या पुढच्या दारातून सहा-सात जण बाहेर आले, दोघांच्या हातात बिअरच्या बाटल्या. बाउन्सरने एकाला ढकलून बाहेर काढलं आणि दार आतून लावलं. पायरीवरच मारामारी सुरू झाली. ११.५४ ला ११२ वर कॉल. १२.१० ला पोलीस गाडी आली. त्यानंतरही मागच्या दाराने गिऱ्हाइकं आत जात होती." बाटली हातात होती, बाउन्सरने ढकललं, मागचं दार चालू होतं, या तीन गोष्टी बारला भांडणाशी जोडतात. उरलेल्या नोंदीपेक्षा त्यांचं वजन जास्त.

व्हिडिओ काढला असेल तर मूळ फाइल मूळ फोनमध्येच राहू द्या. गाणं लावून स्टेटसला टाकलेली किंवा व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत पुराव्याला कच्ची पडते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ज्याच्या ताब्यात मूळ उपकरण आहे त्यालाच ते नीट देता येतं. गॅलरीतून, खिडकीतून काढा. खाली उतरून तोंडासमोर मोबाईल धरू नका.

नोंदवही चालू असतानाच माहिती अधिकाराचे दोन अर्ज टाका. प्रत्येकी १० रुपये शुल्क, एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत. पहिला पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या माहिती अधिकाऱ्याकडे : अमुक पत्त्यावर अमुक काळात ११२ वर आलेले कॉल, दाखल गुन्ह्यांचे रजिस्टर क्रमांक, अदखलपात्र नोंदी. दुसरा उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे : त्या परवान्याची अटींसह प्रत, मंजूर नकाशा, मागच्या तीन वर्षांतल्या तपासण्या आणि नियमभंगाची प्रकरणं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा.

मंजूर नकाशा हातात आला की निम्मं काम झालं म्हणा. गच्चीवर, पार्किंगमध्ये, फुटपाथवर टाकलेली टेबलं नकाशात असतात का ते बघा. नसतील तर तिथे दारू देणं हा सरळ अटभंग आहे, आणि मारामाऱ्या बहुधा याच वाढवलेल्या जागेत सुरू होतात. दारू देणाऱ्या नोकरांचा नोकरनामा (बारमध्ये काम करण्याची उत्पादन शुल्क खात्याची परवानगी) मंजूर आहे का, परवान्यावर लिहिलेल्या वेळेनंतर विक्री होते का, बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं ही वयाची अट पाळली जाते का, हेही त्याच अर्जातून पुढे सरकतं. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर अल्पवयीनाला दारू दिल्याच्या कारणावरून तिथली मद्यालयं सील झाली. तिथे मुद्दा नेमका होता, म्हणून हालचाल झाली.

मग तक्रार लिहा, दोन पानांत. मूळ अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना, प्रती पोलीस अधीक्षक आणि उत्पादन शुल्क अधीक्षकांना. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे जिल्हाधिकारीच जिल्हादंडाधिकारी असतात आणि परवाना व शांतता हे दोन्ही विषय एकाच दारात येतात. पहिल्या परिच्छेदात परवानाधारकाचं नाव, परवाना क्रमांक, पत्ता. दुसऱ्यात गंभीर घटनांचा तक्ता, जास्तीत जास्त दहा, प्रत्येकीपुढे गुन्हा रजिस्टर क्रमांक किंवा ११२ च्या कॉलची वेळ. कोणी जखमी होऊन सीपीआर या सरकारी रुग्णालयात गेलं असेल तर तीही नोंद. तिसऱ्यात मोडलेल्या अटी, परवान्यावरच्या क्रमांकासह. शेवटी मागणी.

मागणी फक्त "परवाना रद्द करा" एवढीच ठेवू नका, असं आमचं ठाम मत आहे. पायऱ्यांनी मागा : चौकशी होईपर्यंत कलम १४२ खाली शनिवार-रविवारी लवकर बंद; कलम ५४ खाली कारणे दाखवा नोटीस आणि निलंबन; आणि घटना चालूच राहिल्या तर रद्द. अधिकाऱ्याला आज सही करता येईल अशी एक तरी पायरी अर्जात असायला हवी.

शंभर सह्यांबद्दल एकच. नाव, घर क्रमांक आणि स्वतःच्या हातची सही असलेली वीस माणसं पुरतात. एकाच अक्षरातल्या शंभर सह्या पूर्ण अर्जावर संशय आणतात. पार्किंग, वास, शेजाऱ्यांचं जुनं भांडण यातलं काहीही या अर्जात घालू नका. रात्री १० नंतरच्या साउंडसाठी ध्वनिप्रदूषण नियम, २००० खाली वेगळा अर्ज द्या.

अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हा लोकशाही दिन, म्हणजे तक्रारी ऐकण्याचा दिवस असतो, त्यासाठी अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. परवान्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं. नूतनीकरणाआधी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, हाच तक्ता जोडून "नूतनीकरणापूर्वी आमची हरकत ऐकावी" असा एक पानी अर्ज पुन्हा द्या.

प्रश्न : माझं नाव अर्जात आलं तर ती पोरं दारात येतील. निनावी दिला तर चालेल का? (मंगळवार पेठेतील एक गृहिणी)

निनावी अर्ज बहुधा दप्तरी दाखल होतो, म्हणजे बाजूला पडतो. त्यापेक्षा अर्ज हाउसिंग सोसायटीच्या लेटरहेडवर, ठराव क्रमांकासह द्या. तालीम मंडळ किंवा महिला बचत गट पुढे आला तरी चालतं, मात्र त्या मंडळाच्या पोरांचं त्याच बारमध्ये उठणं-बसणं नाही ना, हे आधी बघा. पोलीस अधीक्षकांना दिलेल्या प्रतीत "तक्रारदारांची नावं संबंधितांना कळवू नयेत" असं लिहा. धमकी आलीच तर त्याच दिवशी वेगळी तक्रार द्या, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ चा उल्लेख करून. त्याच त्या पोरांवर वारंवार गुन्हे असतील तर शांतता राखण्याच्या जामिनासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२६ आणि हद्दपारीसाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ५६ आहे. हे प्रस्ताव पोलीस ठाण्यातूनच निघतात, पण लेखी मागणी असली की ते हलतात.

प्रश्न : आमच्या गावात बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली होती. शहरात तसं करता येतं का?

येतं. मार्च २००८ च्या शासन आदेशानुसार गाव किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी, सह्यांनिशी मागणी केली की पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. उभी बाटली म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. लोक हरतात ते मोजणीत. त्या आदेशात पन्नास टक्क्यांचा हिशेब एकूण मतदारांवर होता, मतदानाला आलेल्यांवर नव्हता. घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. टक्केवारी आणि परवान्याचे प्रकार यांबाबत सध्या लागू असलेल्या आदेशाची प्रत उत्पादन शुल्क अधीक्षकांकडून सह्या गोळा करण्याआधीच घ्या. मात्र तुमचा त्रास एकाच बारचा आणि मारामारीचा असेल, तर मतदानापेक्षा वर सांगितलेला मार्ग कमी माणसांत होतो.

प्रश्न : मी स्वतः परमिट रूम चालवतो. बाहेर रस्त्यावर भांडण झालं आणि मला कारणे दाखवा नोटीस आली. गिऱ्हाइकाने दंगा केला तर त्यात माझा काय दोष?

दोष आहे की नाही, हे तुम्ही त्या रात्री काय केलंत त्यावर ठरतं. नोटिशीला मुदतीत आणि मुद्देसूद उत्तर द्या. "आरोप खोटे आहेत" एवढ्यावर भागत नाही. त्या दिवसाची बिलं वेळेसह, हजर नोकरांची यादी नोकरनाम्यासह, आणि फुटेज जोडा. डीव्हीआर काही आठवड्यांत जुनं रेकॉर्डिंग पुसतो, म्हणून घटना झाली त्याच रात्री प्रत काढून ठेवा. नेमक्या त्याच दिवशीचं फुटेज नसलं की ते सगळ्यात जास्त महागात पडतं.

पुढच्यासाठी : दोन टोळक्यांत वाजलं तर दोघांना एकाच वेळी एकाच दाराने बाहेर काढू नका. आतलं भांडण पायरीवर जातं ते यामुळेच. एकाला बिल देऊन सोडा, दुसऱ्याला पंधरा मिनिटं आत थांबवा, एक माणूस कोपऱ्यापर्यंत पाठवा. रिकाम्या बाटल्या टेबलावर राहू देऊ नका, बिअर ग्लासात ओतून बाटली लगेच उचला. शेवटची ऑर्डर बंद होण्याच्या अर्धा तास आधी घ्या. झोकांड्या देणाऱ्याला पुढचा पेग देऊ नका. बाउन्सर परवानाधारक सुरक्षा एजन्सीकडूनच घ्या. आणि ११२ ला स्वतः फोन करा. पोलीस बोलावले तर ते आपल्यावरच शेकेल, या भीतीने मालक गप्प बसतात. सुनावणीत मात्र त्या कॉलची नोंद हाच तुमचा सगळ्यात भक्कम कागद असतो.

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये शिकते. तिथे एका पबच्या दारावर फिकट निळ्या कागदावर "परवान्याचा फेरविचार" अशी नोटीस तिने पाहिली. तिथे हे कसं चालतं? (ताराबाई पार्क)

तिथे लायसन्सिंग ॲक्ट, २००३ आहे. पोलीस किंवा कोणीही नागरिक स्थानिक कौन्सिलकडे फेरविचाराचा अर्ज करू शकतो. नोटीस २८ दिवस लावतात आणि त्या काळात कोणीही लेखी म्हणणं देऊ शकतं. मग नगरसेवकांची उपसमिती उघड सुनावणी घेते. गुन्हे व बेशिस्त रोखणं, सार्वजनिक सुरक्षितता, उपद्रव रोखणं आणि मुलांचं संरक्षण, या चार उद्दिष्टांवरच निर्णय होतो. समिती अटी बदलू शकते, जबाबदार व्यवस्थापकाला हटवू शकते, तीन महिन्यांपर्यंत परवाना निलंबित करू शकते किंवा काढून घेऊ शकते. गंभीर हिंसाचार असेल तर पोलिसांच्या प्रमाणपत्रावर ४८ तासांत तात्पुरते निर्बंध येऊ शकतात. अपील २१ दिवसांत.

आपल्याकडे अशी उघड सुनावणी तक्रारदाराला आपोआप मिळत नाही, ती मागावी लागते. अर्जात "निर्णयापूर्वी आम्हालाही म्हणणं मांडण्याची संधी द्यावी" हे वाक्य घाला. आणि तिथल्यासारख्या अटी सुचवा : दारावर कॅमेरा, ठरावीक वेळेनंतर नवा प्रवेश बंद, शनिवारी किमान दोन सुरक्षारक्षक. अधिकाऱ्याला मधला रस्ता दिसला की तो निर्णय घेतो.

प्रश्न : बार बंद झाला आणि काही दिवसांत पुन्हा उघडला. असं कसं?

तीन कारणं संभवतात. कलम १४२ चा आदेश मुदतीचा असतो, मुदत संपली की बार उघडतो. दुसरं, कलम १०४ खाली निलंबनाऐवजी रक्कम भरून प्रकरण मिटवता येतं. तिसरं, अपिलात स्थगिती मिळते. नोटीस न देता किंवा बाजू न ऐकता घाईने काढलेला आदेश तिथे हमखास लटकतो. म्हणून तत्काळ बंदीसाठी हट्ट धरताना आदेशात कारणं लिहिली आहेत ना, हे तुम्हीच बघा.

आदेशाची प्रत मागा, तिन्हींपैकी काय झालं ते तिच्यातून कळेल. अपील चालू असेल तर तक्रारदार म्हणून ऐकून घेण्याचा अर्ज द्या, सोबत बार उघडल्यानंतरच्या ताज्या नोंदी जोडा. रक्कम भरून मिटवलं असेल तर पुढच्या अटभंगाच्या तक्रारीत त्या आदेशाचा क्रमांक घाला, म्हणजे ती दुसऱ्यांदा झालेली चूक ठरते. अर्जावर महिनोन्‌महिने निर्णयच झाला नाही, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालं आहे, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्या वाचतात. वकिलांकडे जाताना आवक क्रमांकांच्या प्रती, माहिती अधिकारातली उत्तरं आणि ती दोनशे पानी वही सोबत न्या.