पोक: आधी बाक तपासा, मग व्यायाम

प्रश्न: माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. उंची भराभर वाढली आणि तेव्हापासून तो पोक काढूनच बसतो, चालतो. ‘सरळ बस’ म्हटलं की दोन मिनिटं बसतो, पुन्हा तसाच. दुखत काही नाही. पाठीला लावायचा पट्टा आणावा, की व्यायामाने सुटेल?

उत्तर: आधी हा बाक लवचीक आहे की ताठर, ते पाहा. शर्ट काढून त्याला पालथं झोपवा आणि हातांनी रेटा न देता छाती जमिनीपासून थोडी उचलायला सांगा. बाजूने बघताना वरची पाठ सपाट झाली, तर बाक बहुधा सवयीचा आणि सैल स्नायूंचा आहे. मग उभं राहून, गुडघे सरळ ठेवून पुढे वाकू द्या. पाठीची कमान एकसारखी गोल दिसली तर ठीक. मधेच टोकदार उंचवटा दिसला आणि तो पालथं झोपूनही जात नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. उभ्याने, बाजूने काढलेल्या एक्स-रेत साधारण २० ते ४५ अंशांचा बाक नैसर्गिक मानतात. शॉयरमन या आजारात मात्र मणक्यांची पुढची बाजू कमी वाढते आणि लागोपाठचे तीन किंवा अधिक मणके पाचरीसारखे होतात. तिथे व्यायामाने वेदना आणि ताठरपणा कमी होतो, पण हाडाचा आकार त्याने बदलत नाही.

बाक लवचीक असेल तर पट्टा नको. तो खांदे मागे ओढून धरतो. काम स्नायूंनी करायचं असतं, ते तसंच राहतं.

पहिला व्यायाम गुंडाळलेल्या टॉवेलचा. आठ-दहा सेंटिमीटर जाडीची घट्ट गुंडाळी करून ती खांद्यांमागच्या फऱ्यांच्या खालच्या टोकापाशी आडवी ठेवून उताणं झोपायचं. गुडघे वाकवलेले, हात डोक्यामागे. श्वास सोडत वरची पाठ गुंडाळीवरून मागे जाऊ द्यायची, ८ ते १० वेळा. मग गुंडाळी दोन बोटं वर सरकवून पुन्हा. ती मानेखाली किंवा कमरेखाली मात्र कधीच ठेवायची नाही. बहुतेक मुलं इथेच चुकतात: वरची पाठ ताठ असते, म्हणून वाक कमरेतून येतो आणि खालच्या बरगड्या वर उचलल्या जातात. दिसायला व्यायाम झकास, पण बाकाच्या जागी काहीच हललेलं नसतं. कमरेखालून तुमचा हात सहज आरपार जात असेल तर त्याचे पाय खुर्चीवर ठेवा आणि श्वास पूर्ण सोडायला सांगा. बरगड्या आपोआप खाली येतात.

दुसरा पालथं झोपून. कपाळ घडी केलेल्या टॉवेलवर, कोपरं वाकवून हात डब्ल्यू अक्षरासारखे. फरे खाली आणि एकमेकांकडे ओढत हात उचलायचे, ५ सेकंद धरायचे. १० वेळा, दोन फेऱ्या. खांदे कानांकडे चढले की मानेचेच स्नायू राबतात, तेव्हा उचल कमी करा.

छातीच्या ताणासाठी दाराच्या चौकटीत कोपरं खांद्याच्या किंचित खाली टेकवून एक पाऊल पुढे. ३० सेकंद, तीनदा. मांडीमागचे स्नायूही ताणायला हवेत. ते आखडले की बसताना ओटीपोटाचं हाड मागे कलतं आणि अख्खी पाठ गोल होते. उताणं झोपून तळपायाला टॉवेल अडकवून पाय वर घ्यायचा, दोन्ही बाजूंना ३०-३० सेकंद.

ताण रोज द्यावा, पालथं झोपून करायचा व्यायाम एक दिवसाआड. बाजूने एक फोटो काढून ठेवा आणि तीन महिन्यांनी त्याच जागी दुसरा काढा. रोज आरशात फरक शोधू नका, मुलगा कंटाळेल. ‘सरळ बस’ ऐकून मुलं कंबर पुढे काढतात, खांदे मागे फेकतात. त्याऐवजी ‘छातीचं हाड थोडं वर, हनुवटी किंचित आत’ असं सांगा, आणि अर्ध्या तासाने त्याला उठवाच.

झोपमोड करणारी वेदना, पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवीवरचा ताबा सुटणे, पटकन वाढणारा बाक, यांपैकी काहीही दिसलं तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: मुलीला शॉयरमनसाठी ब्रेस (पाठीला आधार देणारा, मापाने बनवलेला कडक साचा) दिला आहे. ब्रेस असताना व्यायाम करायचा का?

उत्तर: जरूर करायचा. ब्रेस वाढत्या मणक्यांच्या पुढच्या बाजूवरचा भार कमी करतो, पण त्याच्या आधाराने पाठीचे स्नायू आळसावतात. डॉक्टरांनी ब्रेस काढायला दिलेल्या वेळेत वरचे व्यायाम करता येतील. पोटासाठी प्लँक चालेल, सिट-अप्स नकोत, कारण त्यात पाठ पुन्हा पुढेच गोल होते. वजन घेऊन पुढे वाकणंही टाळा. उंची वाढली की ब्रेस आखूड पडतो, म्हणून दर तपासणीला तो सोबत न्या. काढल्यावर त्वचेवरची लाल खूण अर्ध्या तासात गेली नाही, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता ब्रेस बनवणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा.