रोखा रोखीतून आलेला नाही

घोडबंदर रोडच्या एका वाचकांनी विचारलं आहे: “सोसायटीच्या ग्रुपवर वाद झाला. एक जण म्हणतो, पक्षांना रोख पैसे द्यायची सोय म्हणून त्यांना ‘निवडणूक रोखे’ म्हणतात. दुसरा म्हणतो, कंपन्यांनी पक्षांना दिली ती वर्गणी. बरोबर कोण?”

दोघंही चूक.

वर्गणी आधी निकालात काढतो, कारण हा शब्द कंपन्यांना लावलेला ऐकला की माझं डोकं फिरतं. वर्गणी म्हणजे काय हे ठाण्यात कुणाला शिकवावं लागू नये. गणपतीच्या आधी नौपाड्यात मंडळाचा कार्यकर्ता दारात उभा राहतो, पावतीपुस्तकात नाव लिहितो, रक्कम अंकी आणि अक्षरी लिहितो, पावती फाडून देतो. स्थळप्रत पुस्तकातच राहते. कुणी किती दिले हे आळीला माहीत असतं, आणि देणारा स्वतःच्या खिशातून देतो. कंपनीचं तसं नसतं. तिथे संचालक मंडळ ठराव करतं आणि पैसा जातो भागधारकांचा. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला पक्षांना पैसे देता यावेत म्हणून कंपनीच्या घटनापत्रात बदल करून हवा होता. ते प्रकरण १९५७ साली मुंबई उच्च न्यायालयात आलं. मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी कायद्यात बसतं म्हणून मंजुरी दिली, पण हा धोका झपाट्याने वाढून एक दिवस लोकशाहीचाच गळा घोटू शकतो, असा इशाराही निकालात दिला. पुढे १९६९ साली संसदेने कंपन्यांच्या अशा देणग्यांवर बंदी घातली, १९८५ साली ती उठवली आणि नफ्याच्या ५ टक्क्यांची मर्यादा ठेवली. २०१३ च्या कायद्यात मर्यादा साडेसात टक्के झाली. २०१७ साली तीही काढून टाकली. यातल्या कुठल्याच टप्प्यावर ती वर्गणी नव्हती. देणगी म्हणा.

आता रोखा.

मराठीत ‘रोख’ दोन आहेत. पहिला पैशाचा: रोख, रोकड, रोकडा. कन्नडमध्ये तो ‘रोक्क’ आहे, संस्कृत कोशांत ‘रोक’ आहे. संतांच्या ‘रोकड्या’ प्रचीतीतला रोकडाही हाच, म्हणजे उधारीचा नसलेला, आत्ता समोर हजर असलेला. दुसरा रोख दिशेचा. ‘बोलण्याचा रोख कुणावर होता’ यातला रोख फारसीतल्या ‘रुख’चा, म्हणजे चेहऱ्याचा. बंदूक रोखतात तीही त्याच घरातली. वाट रोखणं मात्र हिंदीतल्या ‘रोकना’चं भावंड.

रोखा या कुणाचाच नाही. तो अरबी ‘रुक़्आ’. मूळ अर्थ ठिगळ, कापडाचा तुकडा. कापडावरून कागदाचा तुकडा, तुकड्यावरून चिठ्ठी. उर्दूत लग्नाच्या निमंत्रणाला अजून ‘रुक्का’ म्हणतात, राजस्थानच्या दप्तरांत राजाच्या खासगी पत्राला ‘खास रुक्का’ म्हणत. आपल्याकडे तोच शब्द ‘रोखा’ होऊन आला: चार ओळींची, कुणाच्या तरी हाती द्यायची चिठ्ठी. सावकाराला लिहून दिली तर कर्जरोखा. तिथे बांधून ठेवतं ते कर्ज, रोखा नव्हे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कुणी विचारेल, ‘क़’चा ‘ख’ कसा झाला? मला या शब्दातलं सगळ्यात आवडतं ते हेच. अरबी ‘रुक़्आ’त क़ च्या मागे ‘ऐन’ हा घशातला वर्ण आहे. तो आपल्याला उच्चारता येत नाही, पण त्याचा झटका ऐकू येतो, आणि माझ्या मते मराठी जिभेने तो झटका हकारात घेतला. क़ आणि ऐन मिळून ख. एकाच शब्दावर सिद्धांत उभारतो आहे असं वाटत असेल तर दुसरा घ्या: अरबी ‘बुर्क़ुअ’. त्यातही क़ च्या पाठीला ऐन, आणि मराठीत काय झालं? बुरखा. रोखा आणि बुरखा, दोन्हीत तोच जोड, दोन्हीत तोच ख. ‘वक़्त’चा ‘वखत’ ऐन नसतानाही झाला, हे मला कुणी तरी ऐकवणारच. पण तिथे क़ पुढच्या त ला टेकलेला आहे, ती वेगळी गोष्ट. उकाराचा ओकार झाला त्यात नवल नाही, ‘मुह्र’ची मोहर झालीच ना.

एका भाषासदरात मी वाचलं की ‘रोखा’ हे ‘रोख’चं सामान्यरूप घट्ट होऊन बनलं. हे लिहिणाऱ्यांनी निवडणूक रोखे योजनेचा कागद तरी वाचायचा होता! २ जानेवारी २०१८ ला अधिसूचित झालेल्या त्या योजनेत रोखा रोखीने विकत मिळतच नव्हता. केवायसी झालेल्या खात्यातून चेक, ड्राफ्ट किंवा थेट वळतं करूनच स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांत तो घ्यावा लागे. हजार, दहा हजार, एक लाख, दहा लाख आणि एक कोटी अशा पाच किमती. पंधरा दिवसांत पक्षाने तो खात्यात भरायचा. रोख टाळण्यासाठी काढलेल्या कागदाला रोखीवरून नाव पडलं, हे म्हणायला फार धाडस लागतं.

दुसरे एक शुद्धिवादी म्हणतात, ‘रोखे’ हा यावनी, म्हणजे अरबी-फारसीतला, शब्द, ‘निर्वाचन बंधपत्र’ म्हणा. त्यांना माझा विरोध शुद्धीवरून नाही, अर्थावरून आहे. बंधपत्रात कुणीतरी बांधलेला असतो. इथे व्याज नाही, देणाऱ्याला परतफेड नाही, वर देणाऱ्याचं नावही नाही. योजनेच्या व्याख्येत हा कागद वचनचिठ्ठीसारखा आणि धारकाला देय. म्हणजे चिठ्ठीच! इंग्रजी ‘बाँड’ या कागदाला बसतच नाही. ‘रोखा’ बसतो, आणि तो कुठल्या समितीने घडवलेला नाही, बाजारातून आणि दप्तरातून आपला आपण आला आहे.

नाव नाही म्हटलं, तर त्या कागदावर एक क्रमांक होता. साध्या उजेडात कोरा दिसणारा, अतिनील दिव्याखाली उमटणारा. मंडळाच्या पावतीपुस्तकात जी स्थळप्रत कुणालाही उलटून पाहता येते, ती इथे अदृश्य शाईत होती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी मतदाराच्या माहितीच्या हक्कावर बोट ठेवून योजना रद्द केली, आणि मार्चमध्ये हे क्रमांक बाहेर आल्यावर कुठल्या कंपनीचा रोखा कुठल्या पक्षाकडे गेला हे जुळवता आलं. सगळ्यात मोठी खरेदीदार फ्यूचर गेमिंग, लॉटरीच्या धंद्यातली, १,३६८ कोटींची. रोख्याचा बुरखा असा उतरला. माझ्या क़-आणि-ऐन जोडीला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

एक क्रियापदही सांभाळा. ठाण्यातल्या भाषणांत ‘पक्षाने रोखे विकले’ असं सर्रास ऐकू येतं. पक्ष रोखे विकत नव्हता, विकणारी बँक होती. कंपनीने रोखा घेतला, पक्षाला दिला, पक्षाने तो वटवला. हुंडी वटते, चेक वटतो, तसाच रोखाही वटतो.