सीमाभागात ‘पंडितांना काय कळतं?’ या वाक्याला टाळ्या का पडतात?

बेळगाव-निपाणीकडच्या सभांत वकील, प्राध्यापक, अभ्यासक यांची टर उडवली की लोक खूश का होतात आणि त्यावर काय बोलावं, असा तुमचा प्रश्न आहे.

टाळ्या उगीच पडत नाहीत. 1 नोव्हेंबर 1956 ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला. या सीमावादासाठी नेमलेला महाजन आयोग 1966 चा, त्याचा अहवाल 1967 चा आणि महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा 2004 चा. एवढे कागद होऊनही गाव जिथल्या तिथंच असेल, तर ‘या शहाण्यांनी काय दिवे लावले?’ हे कुणालाही पटतं. हा राग खरा आहे. मात्र तो अभ्यासकांकडे वळवला की भाषण करणाऱ्याला स्वतःचा हिशेब द्यावा लागत नाही.

त्यासाठी वापरतात तो अर्धा कागद. कर्नाटकातले पुढारी ‘महाजन अहवाल अंतिम’ म्हणतात. बेळगाव कर्नाटकात ठेवणाऱ्या त्याच अहवालाने निपाणीसह 264 गावं महाराष्ट्राला द्यायची शिफारस केली होती, हे गिळून टाकतात. आपल्याकडचे ‘865 गावं घेणारच’ म्हणतात, पण कशाच्या आधारावर हे सांगत नाहीत. सीमा ठरवताना खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा, ही महाराष्ट्राची भूमिका. ती मांडायला गावनिहाय आकडे लागतात आणि ते काम पंडितांचंच. सीमाप्रश्नावरच्या महाराष्ट्राच्या तज्ज्ञ समितीचे अध्यक्ष प्रा. एन. डी. पाटील होते, हे टर उडवणाऱ्यांनाही ठाऊक असतं.

डिसेंबर 2022 मध्ये दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले. घोषणा दणदणीत झाल्या, पण राज्याची सीमा बदलायचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद 3 नुसार संसदेचा. विधिमंडळाचं मत मागवतात, ते बंधनकारक नसतं. म्हणजे ‘ठराव झाला, गावं आली’ जितकं पोकळ, तितकंच ‘एक इंचही देणार नाही’. महाराष्ट्र अनुच्छेद 131 खाली, म्हणजे राज्याराज्यांतले वाद थेट सर्वोच्च न्यायालयात नेण्याच्या तरतुदीखाली, न्यायालयात गेला आहे, तर हा विषय न्यायालयाचा नाही, संसदेचा आहे, असं कर्नाटक म्हणतं. खरी लढाई इथं अडली आहे आणि ती घोषणेत मावत नाही.

सभेला अडाणी म्हणू नका; तेच तर वक्त्याला हवं असतं. उठून एवढंच विचारा: हे काम कुठल्या कार्यालयात, कुठल्या नियमाने आणि कधीपर्यंत?

‘मराठीत परिपत्रकं द्या’ ही मागणी घ्या. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा जास्त असलेल्या भागात महत्त्वाचे नियम, सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असा निकष आहे. पण तो प्रशासकीय आहे, संसदेचा कायदा नव्हे. अनुच्छेद 350ब खालच्या, भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या आयुक्तांचे अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे जातात. शिक्षा करायचा अधिकार त्यांना नाही. ‘आयुक्तांकडून करून आणतो’ म्हणणाऱ्याला हे ऐकवा.

स्वतः तपासायचं तर माहिती अधिकार आहे. शुल्क 10 रुपये. कर्नाटकच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो. रस्ता, उतारा, फलक सगळं एकात कोंबलं की तो अडकतो. अर्जाची भाषा इंग्रजी, हिंदी किंवा तिथली राजभाषा, म्हणजे कन्नड. मराठीत दिलेला अर्ज परत करायला कारकुनाला आयतं निमित्त मिळतं, तेव्हा इथं स्वाभिमानाचा प्रश्न करू नका. ‘अन्याय का होतो?’ असं विचारलं तर हाती काही लागत नाही, कारण ‘का’ ही नोंद नसते. ‘गेल्या वर्षी या तालुक्यात मराठीत काढलेल्या परिपत्रकांच्या प्रती द्या’ असं मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. एकही परिपत्रक निघालेलं नाही, असं लेखी उत्तर आलं तर तो कागद पुढच्या सभेत वाचून दाखवा, मग व्यासपीठावर कुठल्याही बाजूचा पुढारी असो.