जिल्हा परिषद शाळेतला रॅम्प व्हीलचेअरला खरोखर चालेल असा कसा बांधावा?

तुमचा प्रश्न असा: गावच्या जि. प. शाळेचं जोतं दोन फूट आहे, रॅम्प आहे पण सहाच फूट लांब, आणि पुढच्या जूनला व्हीलचेअर वापरणारी मुलगी पहिलीत येणार आहे. शाळा व्यवस्थापन समितीने काय काय करून घ्यावं आणि पैसे कुठून आणावेत?

आधी स्पष्ट सांगतो, आहे तो रॅम्प पाडावा लागेल. दोन फूट उंचीला सहा फूट लांबी म्हणजे १:३ चा चढ. त्यावर मुलगी स्वतः चढू शकणार नाही, आणि मागून कुणी ढकललं तरी खुर्ची मागे कलंडायची भीती. असे रॅम्प गावोगाव दिसतात, कारण यूडायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीच्या, माहितीत 'रॅम्प आहे का, त्याला कठडा आहे का' एवढंच विचारतात. उतार कुणी मोजत नाही.

चढ जास्तीत जास्त १:१२ हवा. गवंड्याला सांगताना 'इंचाला फूट' म्हणा, लगेच कळतं. दोन फूट म्हणजे २४ इंच, म्हणून उतारच २४ फूट लांब, शिवाय खाली आणि वर पाच-पाच फुटांची सपाट जागा. अंगण मोठं असेल तर मी १:१५ चा आग्रह धरेन. सहा वर्षांच्या मुलीच्या हातात १:१२ चढण्याइतकी ताकद असेलच असं नाही. तेव्हा लांबी ३० फूट होते आणि मध्ये विसाव्याला पाच फूट सपाट टप्पा द्यावा लागतो. जागा कमी असेल तर रॅम्प ओसरीला समांतर घ्या किंवा काटकोनात वळवा. वळणावर ५ × ५ फुटांचा सपाट टप्पा हवाच.

इथे एक चूक हमखास होते. उंची पायरीपाशी मोजतात, पण रॅम्पचं टोक तिथून २४ फुटांवर टेकणार असतं. तिथे अंगण सहा इंच खाली असेल तर रॅम्प ३० फुटांचा होतो. म्हणून आधी टोक कुठे येणार ते ठरवा आणि पाण्याच्या नळीने तिथली लेव्हल घ्या. अंगण त्या बाजूला चढतं असेल तर लांबी वाचते, त्यामुळे दोन-तीन दिशा तपासून बघा.

रुंदी पाच फूट ठेवा. दोन्ही बाजूंचे कठडे वजा जाता मध्ये चार फूट मोकळे राहिले पाहिजेत. २४ फुटी रॅम्पला वरच्या टप्प्यासह दाबून भरायला साधारण दीड ब्रास (दीडशे घनफूट) मुरूम लागतो (जुन्या रॅम्पचा राडारोडा खालच्या थरात चालतो). वर चार इंच एम-२० काँक्रीट (१ सिमेंट, दीड वाळू, ३ खडी), त्याला दोन्ही टप्पे धरून तेरा-चौदा गोणी सिमेंट. बाजूच्या भिंतींचं वेगळं. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून धुमसून घ्या. एकदम भरला की पहिल्याच पावसाळ्यात खचतो आणि रॅम्प व जोतं यांच्यामध्ये दोन इंचांची फट पडते. पुढची चाकं अडकायला तेवढी पुरते. काळी माती असेल तर बाजूच्या भिंतींचा पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्या.

वर गुळगुळीत फरशी किंवा टाइल नको. काँक्रीट ओलं असताना खराट्याने आडव्या रेषा ओढा. खोल खाचा पाडू नका, खुर्ची हादरते आणि खाचांत चिखल बसतो. दोन्ही कडांना तीन इंच उंच काठ घ्या, म्हणजे चाक बाहेर घसरणार नाही. ही कामं दिवाळीच्या सुट्टीत उरका. मे महिन्यात अनेक गावांत पाणीच नसतं, सात दिवस काँक्रीटला पाणी मारायचं राहून जातं आणि पृष्ठभाग भुरभुरतो.

कठडा दोन्ही बाजूंना आणि दोन उंचींवर हवा: ९०० मिमी आणि ७०० मिमी. वरच्यासाठी सव्वा इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप घ्या, तो बाहेरून ४२ मिमी भरतो. दीड इंची मागवला तर ४८ मिमी येतो आणि मुठीत बसत नाही. खालचा एक इंची, मुलांच्या हाताला तोच बरा. दोन्ही टोकांना पाइप एक फूट पुढे न्या आणि शेवट खाली किंवा भिंतीकडे वळवा, नाहीतर उघडं टोक लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतं. सहा मीटरचे नऊ-दहा पाइप धरा.

रॅम्पचं टोक मातीत सोडू नका. फाटकापासून रॅम्पपर्यंत चार फूट रुंद, चिखल न होणारी वाट हवी. फाटकात गुरांसाठी पाइपांची जाळी असेल तर बाजूला ९०० मिमीचं वेगळं दार काढा. वरचा टप्पा बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी ओसरीत शिरणार नाही.

आता शौचालय. माझ्या मते रॅम्पइतकंच ते महत्त्वाचं आहे. जाता येत नाही म्हणून मुलं दिवसभर पाणी पीत नाहीत आणि शेवटी शाळाच सोडतात. आतली जागा किमान २२०० × १७५० मिमी ठेवा. दार ९०० मिमी मोकळं, बाहेर उघडणारं. आत उघडणारं दार खुर्चीला आपटतं, आणि मूल आत पडलं तर बाहेरून उघडता येत नाही. दाराला आतून आडवी दांडी लावा, म्हणजे खुर्चीत बसून ओढता येतं. कमोड पाश्चात्त्य पद्धतीचा, बैठक मुलीच्या खुर्चीच्या बैठकीइतक्या उंचीवर. खुर्ची मोजूनच ठरवा. कमोडच्या एका बाजूला खुर्ची लावायला ९०० मिमी मोकळी जागा आणि दुसरीकडे भिंतीला आधाराची दांडी.

ही दांडी चार इंची भिंतीत रावळप्लगवर (भोकात ठोकून स्क्रू बसवायच्या प्लगवर) टिकत नाही. मूल पूर्ण वजन टाकतं आणि प्लग विटेसकट बाहेर येतो. आरपार बोल्ट टाका, मागच्या बाजूला लोखंडी पट्टी द्या. नळ आणि पाणी घेण्याचा जग कमोडवर बसून हात पोचेल तिथे. उंबरा अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. आणि शौचालयाला कुलूप लावून आत झाडू-बादल्या ठेवू देऊ नका. तुमच्या समितीने दर महिन्याला जाऊन बघायची गोष्ट आहे ही.

बिनखर्चाची कामंही आहेत. मुलीचा वर्ग तळमजल्यावर, रॅम्पजवळच्या खोलीत आणा. तिला एकटीला नव्हे, संपूर्ण वर्गालाच. ओसरीत उघडणारी खिडक्यांची दारं भिंतीला अडकवा किंवा आत उघडतील अशी फिरवा, कारण अंध मुलांचं डोकं त्यांवरच आपटतं. पायऱ्यांच्या कडांवर दोन इंचांचा पिवळा पट्टा मारा, कमी दिसणाऱ्यांना पायरी कळते.

पैशांचं बघू. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानात ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार मिळतात. त्यातून उंबरा, रंग, कड्या होतील. रॅम्प आणि शौचालय नाही. ती दोन्ही कामं शाळा विकास आराखड्यात घ्या, समितीचा ठराव करा आणि केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे समग्र शिक्षेच्या मागणीत पाठवा. तालुक्याच्या समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांचं पत्र जोडा. मुलीच्या प्रत्यक्ष गरजा त्यांनी लिहिलेल्या असल्या की प्रस्तावाला वजन येतं. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, तिथेही लेखी मागणी करा. पत्रात शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीतली अडथळामुक्त इमारतीची अट आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम १६ नमूद करा. दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

अंदाजपत्रक करायला कनिष्ठ अभियंता येईल तेव्हा समितीचं कुणीतरी हजर राहा आणि १:१२, दोन उंचींचे कठडे, बाहेर उघडणारं दार हे तीन मुद्दे शब्दांत लिहून घ्या. नुसतं 'रॅम्प, १ नग' लिहिलं की ठेकेदार पुन्हा सहा फुटांचाच बांधतो. काम झाल्यावर, बिल निघायच्या आत, मुलीला तिच्याच खुर्चीत फाटकापासून वर्गापर्यंत आणि वर्गातून शौचालयापर्यंत नेऊन बघा. जिथे खुर्ची उचलावी लागेल तिथलं काम अजून बाकी आहे, असं बिलावर सही करण्याआधी लेखी कळवा.