दीर्घिकेच्या ‘आड’ की ‘मागे’?

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा आहे. वेब अवकाश दुर्बिणीवर भित्तिपत्रक करताना एका मुलाने लिहिलं, ‘जवळच्या दीर्घिकेआड लपलेली दूरची दीर्घिका’ (दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी, ताऱ्यांचा प्रचंड मोठा समूह). दुसऱ्याने लिहिलं, ‘मांगली दीर्घिका’, म्हणजे आपल्या बोलीत ‘मागची’. बाई विचारतात, ‘आड’, ‘मागे’, ‘पलीकडे’ यांतलं काय ठेवू?

‘मागे’ ठेवा.

‘आड’ म्हटलं की झाकलं जाणं आलंच. तुरीच्या ओळीआड गेलेलं वासरू दिसेनासं होतं. आकाशात पुष्कळदा याच्या उलट घडतं. पुढच्या दीर्घिकांचं वस्तुमान इतकं प्रचंड असतं की मागून येणारा प्रकाश त्यांच्याजवळून जाताना वळतो, आणि मागची दीर्घिका मोठी व उजळ दिसते. हेच गुरुत्वीय भिंग. दीर्घिका अशा भिंगाचं काम करतील हे खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३७ सालीच मांडलं होतं. १९७९ मध्ये अशाच भिंगामुळे एकाच क्वेसारच्या (दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राच्या) दोन प्रतिमा शेजारी-शेजारी सापडल्या. जुलै २०२२ मध्ये जाहीर झालेलं वेबचं पहिलं चित्र मुलांना मोठं करून दाखवा. मधल्या दीर्घिकासमूहाभोवती विळ्यासारख्या वाकलेल्या बारीक रेघा दिसतील. त्या मागच्या दीर्घिका. हा समूह मध्ये नसता, तर त्यांतल्या फार अंधूक आहेत त्या हाती लागणं अवघड होतं. मग जो दाखवतो, त्याच्या ‘आड’ कसं म्हणायचं?

धुळीची गोष्ट वेगळी. पुढच्या दीर्घिकेतल्या धुळीने मागचा प्रकाश अडवला, तर तिथे ‘आड’ चोख बसतो. वेब अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, तांबड्यापलीकडच्या) किरणांत पाहते ती काही अंशी त्यासाठीच. ते किरण धुळीतून बरेच पार होतात.

‘पलीकडे’ चूक नाही, पण त्यात फक्त जागा येते. ‘मागे’त काळही येतो, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे ‘कोठा घराच्या मांगं’ असतो आणि पऱ्हाटी ‘मांगल्या साली’ चांगली झालेली असते. त्या चित्रातल्या समूहाचा प्रकाश सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी निघालेला. त्याच्या मागच्या काही दीर्घिकांचा १३०० कोटी वर्षांहून जुना. अंतराने मागे असलेली दीर्घिका काळानेही मागे असते, आणि मराठीत दोन्हीला एकच शब्द पुरतो.

म्हणजे दुसऱ्या मुलाचा शब्द नेमका आहे. पत्रक गावातच लागणार असेल तर ‘मांगली’ तसंच राहू द्या. पहिल्याच्या ओळीतलं ‘आड’ आणि ‘लपलेली’ तेवढं काढा: ‘जवळच्या दीर्घिकांमागची, त्यांच्याच गुरुत्वाने उजळलेली दीर्घिका’.