टिक न केलेला चेकबॉक्स पीएचपीपर्यंत येतच नाही, मग ‘नाही’ ओळखायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की हजेरीच्या फॉर्ममध्ये ३० मुलं आहेत, चौथ्या, नवव्या आणि विसाव्या मुलापुढे टिक केली, आणि डेटाबेसमध्ये हजेरी लागली पहिल्या तिघांची. लूप तीनदा तपासलात, चूक सापडत नाही.

सापडणार नाही, कारण घोळ लूपच्या आधीच झालाय. टिक नसलेल्या चेकबॉक्सबद्दल ब्राउझर चकार शब्द काढत नाही. शून्य नाही, रिकामी किंमतही नाही. हा एचटीएमएलचा, म्हणजे वेबपान ज्या भाषेत लिहितात तिचा नियम आहे; सर्व्हरवर फॉर्म वाचणारं पीएचपी बिचारं निर्दोष. तुम्ही चेकबॉक्सच्या नावापुढे रिकामा चौकटी कंस दिलाय, म्हणून नावांच्या अ‍ॅरेत (नंबर लावलेल्या यादीत) ३० नोंदी येतात आणि हजेरीच्या अ‍ॅरेत तीनच. पीएचपी त्या तिघांना शून्य, एक, दोन असे नंबर देतं. झाली पहिल्या तिघांची हजेरी.

मी हाच पराक्रम एका सोसायटीच्या मेंटेनन्सच्या यादीत केला होता. पैसे भरलेल्या काकू थकबाकीची चिठ्ठी आणि पावती दोन्ही हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा कळलं.

उपाय सोपा आहे. कंस रिकामा सोडू नका, त्यात मुलाचा आयडी घाला: हजेरी[१७]. सेव्ह करताना लूप आलेल्या टिकांवर फिरवू नका, मुलांच्या यादीवर फिरवा आणि प्रत्येक आयडीसाठी इसेट (isset, म्हणजे ‘ही किंमत आली आहे का?’) विचारा. आहे तर हजर, नाही तर गैरहजर. मात्र यादी पानापानांत विभागली असेल, तर या पानावर दिसत होती तेवढीच मुलं घ्या, नाहीतर दुसऱ्या पानावरची सगळी गैरहजर होतील. त्यासाठी दाखवलेले आयडी हिडन फील्डमधून, म्हणजे पानावर न दिसणाऱ्या रकान्यातून पाठवा, आणि ते त्याच वर्गातले आहेत ना, हे सर्व्हरवर तपासा. फॉर्ममधून आलेल्या आयडीवर आंधळा विश्वास नको.

कुणीतरी तुम्हाला हिडनची दुसरी युक्ती सांगेलच: चेकबॉक्सच्या आधी त्याच नावाचं, शून्य किंमतीचं हिडन फील्ड ठेवायचं. एकाच नावाच्या दोन किंमती आल्या तर पीएचपी शेवटची धरतं, म्हणून टिक असेल तर चेकबॉक्सची किंमत जिंकते. सेटिंग्जच्या पानावर एखाददुसऱ्या चेकबॉक्सला मीही हे वापरतो. पण मग इसेट नेहमीच खरं येणार, किंमतच तपासावी लागेल. रिकाम्या कंसाबरोबर तर ही युक्ती करूच नका, दोन्ही किंमती अ‍ॅरेत जाऊन बसतात. शिवाय फील्ड दुप्पट होतात, आणि पीएचपीची मॅक्स इनपुट व्हार्सची (max_input_vars, म्हणजे फॉर्ममधून किती किंमती घ्यायच्या त्याची) मर्यादा मुळात १००० असते. त्यापुढचं सगळं कापलं जातं. मोठ्या यादीला हे भोवतं.

इसेट न विचारता थेट किंमत वाचलीत तर पीएचपी ८ मध्ये ‘अनडिफाइन्ड अ‍ॅरे की’ ही वॉर्निंग येते. ती दाबून टाकू नका, तीच तर सांगत असते की टिक नव्हती.

आणि हो, आधी हजेरी लागलेल्या मुलांचे चेकबॉक्स डिसेबल करून (बदलता येऊ नयेत असे) ठेवले असतील तर टिक दिसत असूनही ते सर्व्हरकडे येत नाहीत. पुन्हा सेव्ह केलंत की ती मुलं गैरहजर.